ढवळेकाकांच्या हातचा फेटा

माझ्या आईवडिलांनी माझं नाव मंजिरी ठेवलं. ते शाळेच्या दाखल्यावर आहे, आधार कार्डावर आहे, वाघोलीच्या ज्या कॉलेजात मी कारकुनी करते तिथल्या हजेरीपटावर आहे. पण आमच्या ढोल-ताशा पथकातले ढवळेकाका गेली अकरा वर्षं मला 'साडेबावीस' म्हणतात. साडेबावीस इंच हा माझ्या डोक्याचा घेर. एकदा लक्ष्मी रोडवर, ऐन दिवाळीच्या गर्दीत, या गृहस्थांनी पलीकडच्या फुटपाथवरून "ए साडेबावीस" अशी हाक मारली. माझ्यासोबत सासूबाई होत्या. त्यांनी घरी येईपर्यंत मला काही विचारलं नाही आणि घरी आल्यावर बरंच विचारलं.

काका पथकात काहीही वाजवत नाहीत. ढोल नाही, ताशा नाही, झांजसुद्धा नाही. ते फेटे बांधतात. मिरवणुकीच्या सकाळी आम्ही शंभरएक वादक शाळेच्या मैदानावर रांगेत उभे राहतो आणि काका एकेकाच्या डोक्यावर सात-आठ मीटर कापड दोन मिनिटांत चढवतात. बघणाऱ्यांना याचं फार कौतुक वाटतं, कारण बघणाऱ्यांनी त्यांच्या हातात डोकं दिलेलं नसतं. जरा मान वळली की सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, "हलू नको. डोकं दोन मिनिटं माझ्याकडे आहे, मग घेऊन जा. तसंही तुला लगेच लागणार नाहीये." आमच्यात एक हाडांचे डॉक्टर ताशा वाजवतात. त्यांच्या दवाखान्यात लोक तास तास बसून असतात, पण इथे त्यांनाही हेच ऐकावं लागतं.

फेट्याला पिन लावलेली त्यांना खपत नाही. एका मुलीनं गुपचूप लावली, तर हा काय खिडकीचा पडदा आहे का, म्हणून अख्खा फेटा सोडला आणि तिला रांगेच्या शेवटी पाठवलं. मिरवणुकीत कुणाचा फेटा सैल दिसला की ते दोरी धरलेल्या स्वयंसेवकांच्या हाताखालून आत घुसतात आणि वाजवणारा वाजवत असताना, चालत असताना, मागून चालत चालत आवळतात. एकदा माझा असा आवळला आणि माझा ठेका चुकला. शिट्टीवाल्यानं भर चौकात माझ्याकडे वळून पाहिलं. काकांनी उलट त्यालाच सुनावलं, की ठेका पुढच्या चौकात सुधारेल, फेटा सुटून पायात आला तर बाई ढोलासकट पडेल.

फेटा बांधायच्या आधी कापडाला पीळ द्यावा लागतो. त्यासाठी दुसऱ्या कुणीतरी कापडाचं टोक ताणून धरून समोर उभं राहायचं असतं. हे टोक कुणी धरायचं ते काका ठरवतात. एका वर्षी नेहा नावाच्या मुलीला पहिल्या ओळीत घेतलं आणि मला तिसऱ्या, यावरून आम्ही दोघी महिनाभर बोलत नव्हतो. काकांनी नेमकं तिलाच माझं टोक धरायला उभं केलं. मला इतका राग आला म्हणता! कापड ताणलेलं, समोर तिचं तोंड, आणि मान तर हलवायची नाही. शेवटी ती हसली, मग मीही हसले. काकांनी दोघींना झापलं, हसल्यानं पीळ सुटतो म्हणून. मुद्दाम केलं का विचारा, सरळ नाही म्हणतील. पण पथकात दोघांचं बिनसलं की यंदा कोण कुणाचं टोक धरणार हे आम्हाला आधीच कळायला लागलं.

मिरवणूक संपली की सगळे फेटे रिक्षात घालून ते घरी नेतात, स्वतः धुतात आणि सोसायटीच्या गच्चीवर वाळत घालतात. सेक्रेटरींनी यावर फळ्यावर सूचना लिहिली, की गच्ची सार्वजनिक असून तिचा खासगी वापर करू नये. काकांनी खाली लिहिलं, "गच्ची सर्वांची आहे, ऊनही. तक्रार असल्यास ऊन नसताना यावे." ती सूचना अजून आहे, ते उत्तरही आहे, आणि दोघांचं बोलणं बंद आहे.

तर असा हा माणूस मी अकरा वर्षं सोसला. आणि यंदा त्याच्यापासून सुटका होणार म्हटल्यावर माझंच टाळकं सरकलं.

झालं असं, की यंदा पथकाला गणपतीनंतर तीन गावांचा दौरा मिळाला, एका बसमध्ये मावतील तेवढ्या पंचेचाळीस वादकांचा. आमचा नवा पथकप्रमुख चिन्मय, वय वर्षं सव्वीस, आयटीत आहे. त्यानं बैठकीत सांगितलं, की आपण तयार, शिवलेले फेटे आणतोय. टोपीसारखे घालायचे आणि निघायचं. "प्रत्येक गावात दीड तास सेव्ह होतो ताई. आणि बसमध्ये सीट्स लिमिटेड आहेत, नॉन-प्लेइंग माणसं कशाला?" नॉन-प्लेइंग माणूस म्हणजे ढवळेकाका. ते त्या दिवशी बैठकीला नव्हते. कुणीही विरोधात हात वर केला नाही. मीही केला नाही, मी फोनमध्ये बघत होते. संताप आला तो घरी जाऊन भाजी चिरताना. माझा संताप असाच सोयीनं येतो.

वर चिन्मय म्हणाला, की काकांना तूच सांग, तुझं त्यांच्याशी जमतं. जमतं? मला आजवर ज्यानं नावानं हाक मारली नाही त्याच्याशी माझं जमतं?

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. पिशवीत नमुन्याचा एक तयार फेटा होता. काका शनिवार पेठेत, चौथ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्यात एकटे राहतात. लग्न केलं नाही. एका छापखान्यात पुस्तकं बांधण्यात सगळी नोकरी झाली. मी पूर्वी कधी त्यांच्या घरात गेले नव्हते, आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं.

दार उघडलं तर स्टुलावर पाण्याचं मडकं पालथं घातलेलं, त्यावर अर्धा बांधलेला फेटा, आणि कापडाचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला गाठ मारून ताणलेलं. हाताची सवय जाऊ नये म्हणून रोज एक बांधतो, असं ते म्हणाले. मडक्याबद्दलही तक्रार होतीच, की याला कपाळ नाही.

मी उभ्या उभ्या एका दमात सगळं सांगून टाकलं. ते आता भडकतील, मग मीही भडकेन, दोघं मिळून चिन्मयचा उद्धार करू, अशी माझी तयारी होती. काकांनी नमुना हातात घेतला. मडक्यावरचं कापड सोडून तो त्यावर बसवला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला, आतली शिवण नखानं उचकून पाहिली.

"शिलाई चांगली आहे. पडणार नाही," ते म्हणाले.

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. अकरा वर्षं एका पिनेवरून आकाशपाताळ एक करणारा माणूस, आणि आता म्हणे शिलाई चांगली आहे. मी म्हटलं, अहो चिडा की जरा. तर ते म्हणाले, की आत कपाळाला पट्टी नाही, ढोल वाजवताना घाम येऊन पोरांची कपाळं सोलवटतील. किती नग आहेत ते सांग, मऊ सुती पट्टी शिवून देतो.

"तुम्हाला काहीच वाटत नाही का?" मी विचारलं.

ते खिडकीच्या गजाची गाठ सोडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर्षभर मला कुणाचा हात लागत नाही गं. न्हावी सोडला तर. माझाही कुणाला लागत नाही, लावणार कुणाला? त्या सकाळी शंभर डोकी हातात येतात. कुणाचं कपाळ तापलेलं असतं, कुणाचे केस विरळ झालेले असतात. कळतं सगळं." मग कापडाची घडी घालत म्हणाले, "चहा घेणार असशील तर दूध आणावं लागेल. म्हणजे तू नको म्हण."

मी नको म्हटलं आणि जिना उतरून थेट चिन्मयला फोन लावला. मला जे काय बोलता येतं ते सगळं बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की सीटची यादी फायनल झाली आहे. मग मी पथकाच्या ग्रुपवर लिहिलं, "निघायच्या दिवशी दीड तास आधी ढवळेकाका मैदानावर असतील. ज्यांना डोकं आहे त्यांनी यावं." पहिलं गाव दोनच तासांवर होतं आणि पोहोचताच मिरवणूक होती, त्यामुळे फेटे इथूनच घालून निघायचं होतं. चाळीसेक जणांनी अंगठे पाठवले.

आले नऊ जण. बाकीचे नंतर आले ते डोक्यावर तयार फेटे घालूनच, आणि बसमध्ये जाऊन फोन बघत बसले. त्या फेट्यांना आतून पांढऱ्या सुती पट्ट्या शिवलेल्या होत्या. त्या कुणी शिवल्या हे त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही. मी प्रत्येकाला बसच्या खिडकीतून धरून हलवावं इतकी संतापले होते.

काकांना नऊ डोकी पुरली नाहीत की काय कोण जाणे, त्या दिवशी त्यांचा हातच उरकेना. दोन मिनिटांच्या फेट्याला दहा मिनिटं लागत होती. माझा नंबर शेवटचा. नेहा समोर टोक धरून उभी होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. चिन्मय घड्याळ बघत बसमधून उतरला.

शेमला पाठीवर पडला, तुरा वर आला. फेटा उत्तम झालाय हे मला नेहाच्या तोंडावरच दिसलं. मी निघायला पाऊल उचललं.

"थांब, बिघडलाय," काका म्हणाले, आणि त्यांनी सगळा फेटा सोडला.

माझ्या डोक्यावर हात ठेवून ते तसेच उभे राहिले. चिन्मयनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मान हलवता येत नव्हती, म्हणून मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यानं ते मिटलं. नेहानं कापडाचं टोक पुन्हा ताणून धरलं, आणि काकांनी सावकाश, पहिल्यापासून बांधायला सुरुवात केली.