पाच मंडळे आणि एक सर्व्हर

आकुर्डी स्टेशनजवळ एका खोलीत उत्कर्षा लोकांच्या वेबसाइट सांभाळते. तिने एकच सर्व्हर भाड्याने घेतला आहे आणि त्यावर एकेचाळीस वेबसाइट नांदतात. त्यांत चाकणचे सुटे भाग बनवणारे आहेत, महाळुंग्याची एक खानावळ आहे आणि पाच वेगवेगळ्या समाजांची पाच वधूवर मंडळे आहेत. भाडे सगळ्यांत वाटले जात असल्याने दर स्वस्त पडतो, त्यामुळे आपल्या शेजारी कोण, याची चौकशी कोणी केली नव्हती.

ती रंगरावांनी केली. कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते एका मंडळाचे अध्यक्ष झाले होते. उत्कर्षाने यादी दाखवली. बाकीची चार मंडळे पाहून ते गंभीर झाले.

"सगळे एकाच मशीनवर?"

"हो काका. पण प्रत्येकाचा कप्पा वेगळा. इकडचं तिकडे जात नाही."

"मधली भिंत किती जाड आहे?"

मंडळाने तातडीची सभा घेऊन ठराव केला : वेबसाइटला स्वतंत्र सर्व्हर मिळावा, दर मात्र सामायिकच राहावा. हे जमणारे नव्हते, आणि मंडळे गेली असती तर उत्कर्षाची खोलीही सुटली असती. म्हणून तिने रंगरावांना शिक्का मारून 'अलिप्तता प्रमाणपत्र' दिले. आठवड्याभरात उरलेल्या चारही मंडळांनी तसेच नेले. सगळेच अलिप्त झाल्यावर अलिप्ततेला मान उरला नाही, तेव्हा रंगरावांनी यादीत पहिला क्रमांक मागितला. यादी इंग्रजी अक्षरक्रमाने होती. मंडळाच्या पत्त्याआधी एक 'ए' जोडून त्यांनी नवा पत्ता घेतला. दुसऱ्या मंडळाने दोन 'ए' घेतले. पाचवे मंडळ पाच 'ए' घेऊन आले, त्या मंगळवारी उत्कर्षाची एक ओळ चुकली आणि पाचही पत्त्यांवर एकच पान उघडू लागले.

अकराशे स्थळे एका यादीत आली. फॉर्मवर समाजाचा रकाना नव्हताच. आपल्याच मंडळात तो कशाला, म्हणून कोणी ठेवला नव्हता. आडनावे पहिल्यापासून झाकलेली असत. दुपारपर्यंत इतक्या पसंत्या आल्या, की तेवढ्या वर्षभरात आल्या नव्हत्या.

चार वाजता रंगरावांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"आमच्या विजयश्रीने सहा वर्षांत पहिल्यांदा एक मुलगा पसंत केला बघ. सुजित म्हणून आहे, महाळुंग्याला कंपनीत क्वालिटीला. तासभर फोनवर बोलली त्याच्याशी. मी पेढेसुद्धा आणले." मग थोडे थांबून म्हणाले, "तेवढा आपल्यातलाच आहे ना, बघून सांग."

उत्कर्षाने पाहिले. खोटे बोलायचे तिच्या मनात येऊन गेले.

"नाही काका. चूक माझी झाली. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करते."

 पलीकडे मागून विजयश्रीचा आवाज आला, "बाबा, मी त्याला रविवारी जेवायला बोलावलंय."

दुरुस्ती झाली. बहुतेक पसंत्या मागे घेतल्या गेल्या. काही घरांनी आपल्या भावना दुखावल्याचे लेखी कळवले आणि त्याच पत्रात मुलाचा पगार पुन्हा विचारला. विजयश्रीने पसंती मागे घेतली नाही. रविवारी सुजित आला, दोन वेळा आमटी मागून घेऊन जेवला. रंगराव पाणी विचारण्यापलीकडे काही बोलले नाहीत.

सोमवारी ते उत्कर्षाकडे आले. दार लोटून घेतले.

"एक नवी वेबसाइट काढ. सगळ्यांची एकत्र. पोरांची वयं चाललीत गं. फक्त आमच्या मंडळाचं नाव कुठे दिसायला नको."

त्या महिन्यात उरलेले चारही अध्यक्ष एकेकटे येऊन, दार लोटून, हेच सांगून गेले. लग्न जानेवारीत झाले. पंगतीत रंगरावांनी स्वतः जिलेबी वाढली.

ही हकीकत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. सगळे हसतात, लोक अजून किती मागासलेले म्हणून हळहळतात आणि मग आवाज उतरवून विचारतात, "रंगरावांचं आडनाव काय हो?" तुमच्या मनात ते इथवर एकदाही आले नाही, असे मी धरून चालतो.