मापात चुकलेलं दार

ऑफिसात त्यांना सगळे मिलिमीटरसाहेब म्हणत, आणि हे नाव त्यांना मनापासून आवडायचं. पाडायला काढलेल्या इमारतीचं कॉम्प्युटरवर हुबेहूब मॉडेल करायचं, तिची दारं, खिडक्या, फरश्या नंबर देऊन यादीत टाकायच्या, म्हणजे नवं बांधणारा कुणीतरी त्या मागवून घेतो आणि धडधाकट लाकूड ढिगाऱ्यात जात नाही, असं त्यांचं काम. "माझ्या मापात केसाएवढी चूक निघाली तर मिशी उतरवेन," असं ते येता-जाता सांगत. मिशी तीस वर्षं शाबूत होती.

नव्या लोकांना शिकवायला नमुना म्हणून त्यांनी स्वतःच्याच घराचं मॉडेल केलं. फोटो काढले, मापं घेतली, एकेक रकाना इमानदारीत भरला. लेकीच्या खोलीच्या दारापाशी 'शेवटचा वापर' हा रकाना आला तेव्हा हात अडखळला. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली त्याला दोन वर्षं झाली होती. दर फोनवर ती 'पुढच्या महिन्यात नक्की येते' म्हणायची. त्यांनी 'दोन वर्षांपूर्वी' असं लिहिलं, चष्मा पुसला, आणि त्या नादात घराचा नमुना थेट पाडायच्या इमारतींच्या यादीत टाकून मोकळे झाले.

आठवड्याने एका संध्याकाळी ऑफिसातून घरी येतात तर पायरीवर एक प्लंबर हिरमुसून बसलेला. तो स्वयंपाकघरातलं सिंक न्यायला आला होता आणि साहेबांच्या बायकोने त्याला पिटाळलं होतं. आत मात्र एका सुताराने लेकीच्या खोलीचं दार उतरवून भिंतीला टेकवलं होतं. कुरकुरणारं दार दुरुस्त करायला नवऱ्यानेच माणूस पाठवला असं समजून बायकोने त्याला चहासुद्धा पाजला होता.

"बुकिंग आहे, साहेब," म्हणत सुताराने कागद पुढे केला. मागवणाऱ्याचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. लेकीचा. त्यांनी लगेच फोन लावला.

"घरासाठी जुनं दार शोधत होते, तर तुमच्या यादीतल्या फोटोत माझ्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा दिसल्या," ती म्हणाली. "तुम्ही माझं दार काढायला निघालात, बाबा. परक्याच्या घरी जाण्यापेक्षा म्हटलं माझ्याकडे येऊ दे."

त्यांनी सगळा घोटाळा कबूल केला तेव्हा ती सुटल्यासारखी हसली. मग राहू दे तिथेच, मी दुसरं बघते, म्हणाली.

आता ती फोन ठेवणार आणि पुन्हा 'पुढच्या महिन्यात' सुरू होणार, हे त्यांना कळलं. उघड्या चौकटीतून तिचा घडी घातलेल्या चादरीचा पलंग दिसत होता. त्यांना तिची फार आठवण आली.

"नको, तूच ने," ते घाईघाईने म्हणाले. "फक्त मापात चूक झालीय. तुला स्वतः येऊन मोजावं लागेल."

"तुमच्या मापात?"

"बरीच चूक आहे."

हे ऐकून सुताराने टेप काढला आणि दार मोजलं. "काय सांगता साहेब, मिलिमीटरचाही फरक नाही की!" त्यांनी हातवारे करून त्याला गप्प करायचा प्रयत्न केला, पण सुताराचा आवाज खणखणीत होता.

"ऐकलं मी," लेक म्हणाली. "शनिवारी येते, बाबा. टेप माझा आणते. तुमच्यावर आता भरवसा नाही."

फोन ठेवून ते तडक आरशासमोर गेले आणि तीस वर्षांची मिशी आनंदाने उतरवून टाकली.