घोरपडीची चमकी

ज्या वस्तूचा उपयोग शून्य, तिची जपणूक सर्वांत काटेकोर करावी लागते. उपयोगाच्या वस्तू आपल्या आपण टिकतात. पाट्या-वरवंट्याला कोणी प्लॅस्टिकची पिशवी घातल्याचे ऐकिवात नाही.

आमच्या नागपूरकडच्या गोरेगावातल्या घरात हे तत्त्व २०१३ सालापासून लागू आहे. त्या वर्षी माझे पती भुवनेश्वर यांना जुन्या ट्रंकेत लहानपणची चमकी कार्डे सापडली. चिंगमच्या पाकिटातून ती फुकट निघत. (चिंगमचे पैसे पडत. ते कोणी जपून ठेवले नाही.) त्यांत सर्वश्रेष्ठ कार्ड एका पंखवाल्या प्राण्याचे. त्यावर चंदेरी वर्ख असून उजेडात तिरपे धरल्यास प्राणी आग ओकतो. माझ्या सासूबाई शामकलाबाई त्याला घोरपड म्हणतात. घोरपडीले पंख कायले, हा त्यांचा आक्षेप अद्याप निकाली निघालेला नाही.

मोबाइल दुरुस्त करणारे टिकाराम हे तालुक्याचे चमकी मूल्यमापन अधिकारी (नेमणूक स्वतःच केलेली). त्यांनी भिंगातून चारही कोपरे तपासून निर्वाळा दिला, की वर्खावर बोटाचा ठसा नाही, सबब नागपुरात हे विकून मोटारसायकल येईल. मात्र हात लागला की भाव पडला.

तेव्हापासून कार्ड पिशवीत, पिशवी डब्यात, डबा कपाटात. रविवारी दर्शन, तेही लांबून.

या व्यवस्थेचा फटका एकाच नागरिकाला बसला: आमची दुर्गेश्वरी, वय वर्षे चार. तिला कार्ड विकायचे नव्हते. त्या प्राण्याला आग ओकायला लावायची होती, आपल्या हाताने, एकदा. तिचा अर्ज रोज संध्याकाळी बाबांच्या मांडीवर बसून सादर होई आणि "मोठी झाली की देईन" या शेऱ्यानिशी परत येई. मग ती दाराच्या चौकटीला पाठ टेकून मला विचारायची, झाली का मोठी?

दसरा आला. त्या दिवशी आमच्याकडे विळा, फावडे, वखर, मोटारसायकल, सगळ्यांची पूजा होते. सासूबाईंनी सरळ विचार केला, की घरातली सर्वांत मोलाची वस्तूच तेवढी राहून जाते आहे. पिशवीवरून पूजा पोचत नाही, म्हणून कार्ड बाहेर काढून पाटावर मांडले. ओली हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचे फूल दाबून.

भुवनेश्वर आंघोळ करून आले आणि पाटासमोर उभेच राहिले.

"एवढी मोलाची वस्तू बिनपुजेची काऊन ठेवतं रे?" सासूबाई म्हणाल्या. "आता पाह्य, भाव वाढन."

टिकारामांना बोलावणे गेले. त्यांनी भिंग लावले, काढले, पायातल्या चपला काढल्या आणि भिंग पुन्हा लावले.

"भाऊ, हे कार्ड नाही राहिलं. देव झाला. देवाचा भाव निघत नाही."

भुवनेश्वर यांनी कार्ड दुर्गेश्वरीच्या हातात ठेवले. तिने ते खिडकीशी नेऊन तिरपे धरले. हळदीच्या डागाआडून प्राण्याने आग ओकली. ती इतकी हसली की बाबांनाही एकदा करून पाहावेसे वाटले. त्यांनी हात पुढे केला.

तिने कार्ड फ्रॉकमागे लपवले.

"हात नोको लावू बाबा. भाव पडते. मोठा झाला की देईन."

वाचकांनी हसण्यास हरकत नाही. फक्त त्याआधी टीव्हीच्या रिमोटवरची पिशवी काढून ठेवावी, आणि लग्नात आलेल्या काचेच्या पेल्यांतून मुलांना एकदा सरबत द्यावे. ते पेले पाहुण्यांसाठी आहेत, हे ठाऊक आहे. मुले काय, घरचीच.