शांताला आराम वाटावा म्हणून केलेल्या सूपचा अहवाल

आजारी माणसाला आराम वाटला पाहिजे ही जबाबदारी इतकी मोठी आहे, की ती आजारी माणसावर सोडून चालत नाही. त्यासाठी घरात सक्षम यंत्रणा लागते. आमच्या घरात ती आहे. करी रोडला आमची चाळ जिथे होती त्याच जागेवर आता टॉवर उभा आहे. त्याच्या तेविसाव्या मजल्यावर मी (गुणाजी, पालिकेच्या आवक-जावक विभागातून निवृत्त), मुलगा वैभव आणि सून आकांक्षा अशी ही त्रिसदस्य यंत्रणा राहते. चौथी सदस्य माझी बायको शांता. परंतु गेल्या महिन्यात नेमकी तीच आजारी पडल्यामुळे तिला कामकाजातून वगळणं भाग पडलं.

सदर आजार बुधवारी सुरू झाला. ताप एकशे दोन, सांधे धरलेले, तोंडाला चव नाही. शुक्रवारी घोडपदेवचे आमचे जुने डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, "गोळ्या कडक आहेत, रिकाम्या पोटी नकोत. काहीतरी गरम, पातळ, सोसेल असं द्या. पोटात काही गेलं नाही, तर सोमवारी अकरा वाजता ॲडमिट करून सलाईन लावू." शांताला हॉस्पिटलची भीती वाटते. मला तिच्याहून जास्त वाटते, पण ते आमच्याकडे बोलून दाखवायची पद्धत नाही.

डॉक्टरांनी 'पातळ' म्हटल्याबरोबर पांघरुणातून आवाज आला, "माका पेज होयी. वाटीभर."

या निवेदनाची नोंद घेण्यात आली.

आता पेज म्हणजे काय, तर तांदूळ, पाणी आणि मीठ. इतक्या कमी जिनसांत माणसाला आराम पडू शकतो, हे आजच्या काळात कुणाला पटणार? वैभव बँकेत ग्राहक-समाधान खात्यात आहे, त्यामुळे त्याला या विषयातलं कळतं. तो म्हणाला, "आई, पेज काय गं! तुला काहीतरी कम्फर्टिंग पाहिजे." आणि आकांक्षाने मोबाइलवर कम्फर्ट शोधला. तो जपानमध्ये सापडला.

रामेन असं त्या नूडल्सच्या सूपचं नाव. व्हिडिओतला माणूस हळू आवाजात सांगत होता, की हे सूप म्हणजे आईने पाठीवरून फिरवलेला हात. (ते आईला पाजायचं असल्यास काय, याबद्दल त्याने काही म्हटलं नव्हतं.) व्हिडिओ सत्तावीस लाख लोकांनी पाहिला होता. त्यांपैकी आजारी किती, बरे झालेले किती आणि नुसतेच पडल्या पडल्या पाहणारे किती, ही आकडेवारी उपलब्ध नाही. मूळ रस्सा कोंबडीच्या हाडांचा, आणि तो बारा तास उकळला पाहिजे. अकरा तासांत आराम तयार होत नाही.

इथे एक तांत्रिक अडचण होती. शांताचे वार आहेत. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्या दिवशी ती मांस-मच्छी खात नाही, इतकंच नव्हे तर तिच्या शेगडीवर हाडूक चढत नाही. म्हणून शुक्रवारी नियोजन, शनिवारी शाकाहारी खरेदी आणि रविवारी प्रत्यक्ष अंमलबजावणी असा कार्यक्रम ठरला. आलेख काढून तो फ्रिजवर चिकटवण्यात आला. शुक्रवारी रात्री पांघरुणातून पहिलं स्मरणपत्र आलं, "अरे, पेज." शनिवारी सकाळी दुसरं. तिला समजावण्यात आलं, की उद्या मस्त काहीतरी येतंय, आता उगाच भूक मारू नकोस. त्या दिवसभरात तिच्या पोटात गेलेला आहार: मारी बिस्किट अर्धं, साखर-मिठाचं पाणी सहा चमचे. यातलं बिस्किट नंतर परत आलं.

खरेदीला मी स्वतः वैभवबरोबर गेलो. पातीचा कांदा आणि आलं दादरच्या मंडईत मिळालं. बाकीचं परदेशी सामान आकांक्षाने मोबाइलवरून मागवलं: सोयाबीनचा आंबवलेला लगदा, वाळवलेल्या अळंब्या, सुक्या माशाचा गुलाबी कीस आणि समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ. शांताचं माहेर देवगडकडचं. तिथे खडकावर शेवाळ दिसलं की पोरांना ओरडून बाजूला घेतात. ते पाकिटात घालून विकतात आणि आजाऱ्याला देतात, हे ऐकून ती तापातसुद्धा थोडा वेळ डोळे उघडून पडली होती. आम्ही हे सुधारणेचं पहिलं लक्षण मानलं.

रविवारी सकाळी सात वाजता मी परळहून दोन किलो हाडं आणि आठ पाय आणले. (कोंबडीवाल्याने विचारलं, "काका, कुत्रा पाळला काय?") हाडं एकदा उकळून ते पाणी फेकायचं, मग एकेक हाडूक ब्रशने घासायचं, अशी रीत आहे. आम्ही नवा ब्रश वापरला. शेवाळाचं पार्सल साडेबाराला आलं. त्याशिवाय पातेलं चढवायचं नाही असं व्हिडिओत सांगितल्यामुळे, रस्सा विधिवत सुरू झाला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. एकात बारा मिळवले की किती होतात, हे आम्हा तिघांनाही येत होतं. पण त्या वेळी वातावरण उत्साहाचं होतं.

शेगडीला चार बर्नर. एकावर रस्सा. दुसऱ्यावर लसणाचं तेल, जे करपेपर्यंत तळायचं आणि करपल्यावर वाखाणायचं. तिसऱ्यावर अंडी, बरोबर साडेसहा मिनिटं. चौथ्यावर ती अंडी रात्रभर मुरवण्यासाठी गोड-खारट पाणी. सबब, पेजेचं टोप ठेवायला जागा शिल्लक नव्हती. असती तर ठेवलं असतं, असं मला त्या वेळी प्रामाणिकपणे वाटत होतं.

सुक्या माशाचा कीस पडल्यावर वास सबंध मजल्यावर पसरला. गेल्या वर्षी शांताने सुका बांगडा भाजला होता, तेव्हा सोसायटीने लिफ्टमध्ये नोटीस लावली होती: 'काही सदस्यांकडून उग्र वासाचे पदार्थ शिजविले जात असल्याने इतरांस त्रास होतो.' त्या नोटिशीवर सही करणाऱ्या सेक्रेटरीबाईंनी आता आकांक्षाला मेसेज पाठवला, 'काय सुंदर सुगंध! रेसिपी प्लीज.' मासा तोच. मात्र वाळताना त्याने परदेशी हवा खाल्ली होती, हा मुद्दा विसरून चालणार नाही.

संध्याकाळी शांताने मला हाक मारली. "शेगडी कधी रिकामी होतली?"

"रात्री एकला," मी म्हणालो. "उद्या सकाळी गरम करून देऊ."

तिचा हात हातात घेतला तर चांगलाच तापला होता, आणि बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. चार दिवसांत एवढी उतरली होती. मला रडू येईलसं वाटलं, म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि रश्श्यावरचा फेस काढत बसलो. मला बरं वाटलं. या दृष्टीने पाहता सूप तेव्हापासूनच गुणकारी होतं. रात्री आम्ही तिघांनी लालबागचा चिवडा खाल्ला, कारण घरात स्वयंपाक चालू होता.

सकाळी नऊला वाडगा सजला. तळाशी नूडल्स, वर दुधाळ रस्सा, अर्धी कापलेली अंडी, कांद्याची पात, आणि काठाला उभी केलेली शेवाळाची काळी पट्टी. खिडकीतला उजेड चांगला होता, त्यामुळे फोटोला अकराच मिनिटं लागली. 'आईसाठी, बारा तासांचं प्रेम' या मथळ्याखाली फोटो चढला आणि मगच वाडगा आतल्या खोलीत आणला. शांता उशीला टेकून बसली. चमचा तोंडापर्यंत नेला आणि थांबली.

"आज वार खयचो?"

घरात तीन पदवीधर होते आणि तिघांनाही वार माहीत होता.

"आई, पण सुरू रविवारी केलंय ना," आकांक्षा म्हणाली. "म्हणजे रविवारचंच झालं."

सर्वांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझी बत्तीस वर्षं तारखांत गेली. मी निर्णय दिला, की कोणत्याही प्रकरणात अर्ज दाखल झाल्याची तारीख ग्राह्य धरतात, निकालाची नव्हे. हाडं रविवारी दाखल झाली. त्यामुळे हे सूप, ते केव्हाही प्यायलं तरी, रविवारचंच.

"शंकराक ह्यां तुमी सांगा," शांता म्हणाली आणि चमचा खाली ठेवला.

साडेनऊ वाजले होते. अकराला डॉक्टर गाडी घेऊन येणार होते. वैभव पहिल्यांदाच घाबरलेला दिसला. "आई, दोन घोट तरी घे गं, प्लीज," असं म्हणत त्याने वाडगा पुन्हा तिच्यापुढे धरला. पोरगं वाईट नाही. बारा तास उभा राहिला होता.

मग शांता उठली. भिंत धरून, मग दार धरून, मग फ्रिज धरून. फ्रिजवरचा आमचा आलेख तिच्या हाताला लागून खाली पडला. ओट्यापाशी पोचल्यावर तिने वैभवला खुणेने रश्श्याचं पातेलं खाली ठेवायला लावलं, बर्नर ओल्या फडक्याने पुसला आणि डब्यातून तांदूळ काढला. एक मूठ. थांबली, वळून आमच्याकडे पाहिलं, आणि आणखी तीन मुठी काढल्या.

"तुमी तिगा कालपासून उपाशी."

आम्ही मदतीची तयारी दाखवली. पाणी किती घालते ते मी नीट पाहून ठेवणार होतो, पण दिसलं नाही, कारण ती मध्ये उभी होती. एक्केचाळीस वर्षं ती तिथेच मध्ये उभी आहे.

अर्ध्या तासात पेज झाली. तिने एक वाटी घेतली, वर मिठाचा खडा, आणि गोळी गिळली. ती पोटात राहिली. डॉक्टरांना फोन करून गाडी रद्द करण्यात आली. ताप एकशे एक होता, तरी वाढताना तिने आमच्या वाट्यांत कमी घातलं नाही. आम्ही पेज प्यायलो आणि आम्हाला फार आराम वाटला. कम्फर्टिंग होती, असं वैभव म्हणालासुद्धा. वाट्या कोणी घासल्या, हा तपशील या अहवालाच्या कक्षेबाहेरचा आहे.

सूप फ्रीझरमध्ये मंगळवारची वाट पाहत राहिलं. फोटोला दोनशे चौदा बदाम मिळाले, त्यातला एक माझा. 'किती नशीबवान आई' अशा प्रतिक्रिया एकोणीस.

वाचकहो, हाडं किती तास उकळायची आणि अंडं किती मिनिटं, हे आता तुम्हाला पाठ झालेलं आहे. पेजेचं प्रमाण मात्र मी दिलेलं नाही, कारण ते मला अजून माहीत नाही. एका मुठीला पाणी किती, हे तुम्हाला ठाऊक असल्यास कृपया कळवावं. त्यासाठी तुम्हालाही आत स्वयंपाकघरात हाक मारावी लागणार असेल, तर राहू द्या.