टिकटिक

कामिनीने सासऱ्यांच्या जुन्या गाडीचे चारही प्लग काढून पोत्यावर ओळीने मांडले. तिचे सासरे, यादोराव, सारखे फाटकाकडे पाहत होते. संध्याकाळी साकोलीहून भंगारवाला भैय्यालाल गाडी न्यायला यायचा होता.

"जाऊ दे बाई," ते म्हणाले. "तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, चढता चढता दम सोडते. म्हातारी झाली. मी बी चिखल्याच्या खाणीतून रिटायर झालोच ना."

"तुमाले कोणी भंगारात देल्लं का, मामाजी?"

कामिनी शाळेत विज्ञान शिकवत असे. बस चुकली की यादोराव तिला याच गाडीने शाळेत सोडत. तिची लेक टीना जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणलं तेही हिच्यातच. अशी गाडी तपासल्याशिवाय भंगारात देणं तिला कृतघ्नपणाचं वाटत होतं.

मेकॅनिक धनीरामने प्लगच्या भोकात दाब मोजायचा गेज बसवला. यादोरावांनी चावी फिरवली. काटा अर्ध्यावरच थांबला. चारही ठिकाणी तेच.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या," धनीराम म्हणाला. "इंजन खोला लागते."

"थांबा धनीरामभाऊ. आत चमचाभर तेल टाकून पाहू. रिंगा झिजल्या असल्या त तेलानं फट बुजते, काटा वर चढते. नाही चढला, त दाब झडपांतून निसटून राहिला."

ती चमचा आणायला आत गेली, धनीराम चहाकडे वळला. चमचाभर औषधावर यादोरावांचा कधीच विश्वास नव्हता. त्यांनी चारही भोकांत वाटी-वाटी तेल ओतलं आणि चावी फिरवली. तेलाचं कारंजं कुंपणावरून उडून थेट शेजारच्या पुष्पाबाईंच्या वाळत घातलेल्या साडीवर पडलं.

"यादोरावभाऊ! गाडी दुरुस्त करता का भजी तळता?"

उडायचं ते उडालं. आत उरलं ते चमचाभरच असावं. कामिनीने पुन्हा दाब मोजला. काटा होता तिथेच. म्हणजे झडपाच. पण चारही ठिकाणच्या झडपा एकाच वेळी कशा म्हाताऱ्या होतील?

"धनीरामभाऊ, झडपा दाबणाऱ्या टॅपेटाले कोणी हात लावला का?"

धनीरामने यादोरावांकडे पाहिलं. यादोरावांनी फाटकाकडे.

"काकानंच सांगतलं, इंजनाची टिकटिक बंद कर म्हणून. मी म्हटलं, टॅपेटात थोडी फट ठेवा लागते, नाही त झडप पुरी मिटत नाही. म्हणे, आवाज नाही पाहिजे म्हणजे नाही पाहिजे!"

"काहून मामाजी?"

"टीना झोपते ना दुपारी गाडीत," यादोराव पुटपुटले. "म्हटलं, झोप मोडन पोरीची."

फटीचं महत्त्व सांगणारं एक पूर्ण व्याख्यान कामिनीच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. नातीच्या झोपेसाठी या माणसाने आपल्या लाडक्या गाडीचा गळा आवळला होता.

"फट मोकळी करा, भाऊ," ती एवढंच म्हणाली.

धनीरामने टॅपेट नीट बसवले. या वेळी काटा ऐटीत वर चढला. प्लग लावून गाडी सुरू केली, आणि उरलेलं तेल जळून निळ्या धुराने गल्ली भरली.

"अगं बाई, डासाची फवारणी आली वाटते!" असं म्हणत पुष्पाबाईंनी साडीचं दुःख विसरून दारं-खिडक्या सताड उघडल्या. "भलं होवो पंचायतीचं!"

टीनाला मांडीवर घेऊन कामिनी पुढे यादोरावांच्या शेजारी बसली. हल्ली पोर गाडीत घटकाभरही झोपत नव्हती; घरातले सगळे दातांना दोष देत होते. गाडी टिकटिकत निघाली. पाळ यायच्या आत टीना गाढ झोपली, आणि गाडी एका दमात पाळ चढली.

"म्हणजे ही टिकटिकीवरच झोपत होती?" यादोराव थक्क झाले.

"हो मामाजी." कामिनीने गाडीच्या डॅशबोर्डवरून हळूच हात फिरवला.

परत आले तर फाटकाशी भैय्यालाल दोर घेऊन उभा.

"काका, गाडी त चालून राहिली!"

"हळू बोल, पोरगी उठन. नाही विकायची आता."

"असं कसं? पाळीवर चढवून दाखवा, तवाच मानीन."

भैय्यालाल मागच्या सीटवर बसला. गाडी पुन्हा पाळीवर चढली. यादोरावांनी मोठ्या अभिमानाने मागे वळून पाहिलं.

भैय्यालाल दोर पोटाशी धरून घोरत होता.