केळुसकर आणि बायकांचा कप्पा

माझे शेजारी केळुसकर पबमध्ये शिरताना चपला बाहेर काढतात.

पब म्हणजे पबच. देऊळ नव्हे, दवाखानाही नव्हे. आम्ही राहतो त्या परदेशी बंदरात, सेम्बावांगच्या जुन्या आरमारी तळाजवळ, इंग्रज अधिकाऱ्यांसाठी कोणे एके काळी उभारलेला. आतील सगळे लाकूडकाम जहाजातून इंग्लंडहून आलेले. आमची ओळखच मुळी त्या चपलांवरून झाली. सार्वजनिक पदपथावर पादत्राणे सोडणे हा रहदारीस अडथळा आहे, असे पत्र मी संबंधित कार्यालयास धाडले आणि न्यायबुद्धीने त्याची एक प्रत केळुसकरांच्या दाराखालून सरकवली. ते प्रत घेऊन माझ्याकडे आले. "पत्र फर्स्टक्लास आहे, साहेब," म्हणाले. "उद्यापासून चपला आत नेतो. पण पायात घालून नाही." दुसऱ्या दिवसापासून ते चपला पिशवीत घालून, पिशवी काखेत मारून, अनवाणी आत जाऊ लागले. याविरुद्ध कोणत्याही कायद्यात तरतूद नाही. मी शोधली.

केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. जहाजदुरुस्तीच्या गोदीत सुतारकामाचे फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांनी लग्न केले नाही आणि दारूचा थेंबही कधी घेतला नाही. तरीही दुपारी चार वाजता, पब जवळजवळ रिकामा असताना, ते न चुकता तिथे हजर असतात. बिनसाखरेचा चहा मागवतात, काउंटरला कान लावून बोटाच्या पेराने टकटक करतात आणि डॉक्टरांनी छाती तपासावी तशी मान हलवतात. कोणी ओला ग्लास थेट लाकडावर ठेवला, तर हे उठून त्याखाली पुठ्ठ्याची चकती सरकवतात. एकदा एका धिप्पाड ऑस्ट्रेलियन गृहस्थाने त्यांना तुम्ही इथले मालक आहात का, असे रागाने विचारले. केळुसकरांनी शांतपणे त्याचे मनगट धरले, त्याचा तळवा काउंटरवरून फिरवला आणि म्हणाले, "टच अँड सी." तो गृहस्थ त्यानंतर दर आठवड्याला येतो आणि चकती स्वतःच मागतो.

"हात लावून बघा" हे त्यांचे सर्व प्रश्नांवरचे उत्तर. मी एखादे कलम वाचून दाखवले तरी तेच. कलमाला हात कसा लावायचा, हे त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.

पबच्या मालकीण मॅडम चुआ. वडिलांमागे तीस वर्षे त्यांनी तो एकटीने चालवला. बाई जेमतेम पावणेपाच फूट. आवाज मात्र बंदरापर्यंत जाणारा, आणि वाक्याच्या शेवटी इथल्या बोलीतले 'लाह्' ठरलेले. चार वाजता त्या कोपऱ्यातील लहानशा कप्प्यात जाऊन बसत. पूर्वी इंग्रज बायकांनी पुरुषांच्या नजरेआड बसावे म्हणून तो केलेला. तीन बाजूंना लाकडी आडोसा, काउंटरच्या बाजूला नक्षीदार काचेच्या फिरत्या झडपा, आत एक बाक. बाई त्यावर अर्धा तास पाय टेकून डोळे मिटत. केळुसकर आडोशाच्या बाहेर चहा पीत. दोघांत संभाषण असे नसेच.

यंदा जागेच्या मालकाने नोटीस दिली. नव्या भाडेकरूला व्यायामशाळा काढायची होती आणि आतील सारे लाकूड उपटून टाकायचे होते. मला संताप अनावर झाला. जे शतकभर टिकले ते वजने उचलण्यासाठी मोडायचे? मी वारसा जतन करणाऱ्या कार्यालयास अकरा पत्रे लिहिली. सातव्या पत्रानंतर त्यांनी माझे नाव बरोबर लिहिण्यास सुरुवात केली आणि अकराव्यानंतर पाहणीचा दिवस दिला.

साक्षीदार म्हणून केळुसकरांचे निवेदन मीच तयार केले. त्यात सर्वांत वजनदार वाक्य असे होते, की सदर अंतर्भाग मूळ स्थितीत असून त्यात आजवर कोणताही बदल झालेला नाही. केळुसकरांनी ते दोनदा वाचले. पत्र फर्स्टक्लास आहे, पण एका ओळीखाली सही करणे जमणार नाही, असे म्हणाले. कोणत्या, ते सांगेनात. मी त्यांना बजावले: सही नका करू, पण विचारल्याखेरीज तोंड उघडू नका. ही जागा जाऊ द्यायची नसेल, तर मौन पाळा.

पाहणीस एक तरुण अधिकारी बाई आल्या. काउंटर, काचा, फरशा पाहून त्यांचा चेहरा खुलला. मी मनात आभाराच्या पत्राचा मजकूर जुळवू लागलो. एवढ्यात त्यांनी केळुसकरांना विचारले, यात काही बदलले आहे का?

मी खोकलो. केळुसकरांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते कप्प्यात शिरले आणि बाकावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाले, "हा बाक. साडेतीन इंच कापला आहे. मी कापला, तीस वर्षांपूर्वी, पब बंद होता त्या दिवशी."

मॅडम चुआ कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "बाक बुटका झाला ते दिसलं, कोणी केला ते कळलं नाही. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगते आहे, जुन्या इंग्लिश बायका बुटक्या होत्या लाह्."

अधिकारी बाईंनी विचारले, कापला कशासाठी? हा प्रश्न पाहणीच्या कक्षेबाहेरचा आहे, अशी हरकत मी तत्काळ नोंदवली. तिची दखल कोणी घेतली नाही.

केळुसकर जमिनीकडे पाहत राहिले. "मॅडम दिवसभर उभ्या असायच्या," ते म्हणाले. "बसल्या, की पाय लटकायचे."

अधिकारी बाईंनी वहीत लिहिले आणि हळूच म्हणाल्या, की नंतरचा बदल, करणारा अज्ञात, असे नोंदवता येईल.

"अज्ञात कशाला?" मॅडम चुआंचा बंदरापर्यंत जाणारा आवाज त्या दिवशी टेबलापलीकडेही गेला नाही. "त्यांचं नाव लिहा."

निर्णय तीन आठवड्यांनी आला. अंतर्भाग जपला जाणार आहे, बाकाची उंची आज आहे तीच राहणार आहे आणि बदलाच्या रकान्यात केळुसकरांचे पूर्ण नाव आहे. व्यायामशाळेने अन्यत्र जागा पाहिली. ही माझ्या पत्रव्यवहाराची फलश्रुती आहे, असे मी ठामपणे मानतो. साक्षीदाराने जवळजवळ घात केला होता, हेही मी त्यांना लेखी कळवले आहे.

परंतु त्या दुपारी अधिकारी बाई गेल्यावर मी कागद गोळा करत होतो, तेव्हा मॅडम चुआ बाकावर बसल्या, थोड्या सरकल्या आणि शेजारच्या जागेवर दोनदा थाप मारली. केळुसकर संकोचले. माझे पाय लांब आहेत, इथे मावणार नाहीत, असे काहीसे पुटपुटले.

"मग काय झालं? बसा लाह्."

ते बसले. सहा फुटांचा माणूस, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागलेले, हात कुठे ठेवावेत ते न कळलेला. बाईंनी शेजारी डोळे मिटले. मी फाइल उचलली आणि आडोशाच्या बाहेर जाऊन बसलो.