हातात नको, टाक

शकूअक्काला कुठलीही वस्तू हातात दिलेली चालत नसे. लिंबू असो, किल्ली असो, घडी घातलेलं वर्तमानपत्र असो, ती चार पावलं मागे सरायची, गुडघे किंचित वाकवायची, दोन्ही पंजे छातीसमोर उघडायची आणि म्हणायची, "टाक की!"

मी अकरा वर्षांची असताना आम्ही मंगळवार पेठेत तिच्या समोरच्या घरात राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात आईने मला उसनी आणलेली दोन अंडी परत द्यायला पाठवलं. मी इंग्रजी शाळेत जाणारी, 'थँक्यू' आणि 'सॉरी' यांच्या पलीकडे परक्या माणसाशी न बोलणारी मुलगी. दारात ट्रॅकपँट घातलेली, खांद्यावर टॉवेल टाकलेली एक उंच बाई उभी होती.

"अंडी आहेत," मी पुटपुटले.

"दिसत्यात की. टाक."

"फुटतील."

"माझ्या हातात? कुणाची गं तू?"

मी डोळे मिटले आणि दोन्ही एकदमच टाकली. एक तिच्या दिशेने गेलं असावं, दुसरं गटाराच्या. डोळे उघडले तेव्हा शकूअक्का उंबऱ्यावर आडवी पसरली होती आणि तिच्या दोन हातांत दोन अख्खी अंडी होती. पडल्यापडल्याच म्हणाली, "डोळं मिटून टाकतीस व्हय? कुठं येणार तेच कळंना. पर मजा आली."

शकूअक्का फुटबॉलची गोलकीपर होती. हौस म्हणून खेळणारी नव्हे, पगारावर खेळणारी. गल्लीतल्या पोरांना लहानपणी कीपर मिळत नसे, कारण खांबात उभं राहिलं की बॉल मारायला मिळत नाही. त्यांनी हिला उभं केलं. दोन चपला हे खांब, मागे तालमीची भिंत. तिथून ती शाळेच्या संघात गेली, मग राज्याच्या, आणि पुढे कलकत्त्याच्या एका क्लबने तिला करारावर बोलावून घेतलं. पाच हंगाम ती तिकडे खेळली. गुडघा गेला तेव्हा परत आली. आता ती एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवायची, आणि उरलेल्या वेळात गल्लीतल्या सगळ्या वस्तू झेलायची.

माणसांची ओळख तिला नावावरून पटत नसे. माणूस पेनल्टी कुठल्या कोपऱ्यात मारील, हे तिला आधी कळायचं. दूधवाला डावीकडे खाली. माझे वडील खांबाच्या बाहेर. आई सरळ अंगावर. माझ्याकडे मात्र ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुझी पेनल्टी धरणं अवघड हाय बघ. तोंडावर कायबी दिसतच न्हाई." माझ्या न बोलण्याचं कौतुक करणारी ती पहिली व्यक्ती. मी त्या दिवशी घरी जाऊन आरशात माझं तोंड पाहिलं होतं.

तिच्या लग्नाची गोष्ट आई मला नेहमी सांगायची, कारण ती सगळ्या पेठेला पाठ होती. कलकत्त्याला जाण्याआधी तिला बघायला गडहिंग्लजचे पाहुणे आले होते. साडी नेसवून, केसांत गजरा माळून तिला समोर बसवलं होतं. मुलाच्या मामांचा कोपर लागला आणि चहाचा कप टेबलावरून सुटला. शकूअक्का बसल्या जागेवरून उडाली. साडीसकट, गजऱ्यासकट. कप जमिनीपासून वीतभर वर असताना तिने धरला, आणि त्यात निम्मा चहा शिल्लकही होता. ती उठली, कप मामांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "घ्या मामा, गरम हाय अजून." पाहुणे हसतमुखाने पोहे संपवून गेले. चार दिवसांनी निरोप आला, "पोरगी चांगली हाय, पर उडतीया." त्यानंतर कोणी आलंच नाही, आणि तिनेही कोणाची वाट बघितली नाही.

शकूअक्काला वस्तू टाकून न देणारा पेठेत एकच माणूस होता, तो म्हणजे तिचे वडील. अण्णा. पांढऱ्या मिशा, कुस्तीत मोडलेले कान. बापलेक दोघंच घरात. अण्णा तिच्यासाठी भाकरीचं ताट आणायचे, उंबऱ्यावर ठेवायचे आणि दोन बोटांनी पुढे सरकवायचे.

"अण्णा, टाका की. धरतो मी." आमच्याकडे बायकाही 'मी धरतो, मी जातो' असंच म्हणतात.

"कोंबड्यास्नी टाकत्यात. माणसाला देत्यात," अण्णा म्हणायचे.

फुटबॉल मात्र अण्णांचा जीव की प्राण. स्टेडियममधली त्यांची पायरी ठरलेली होती. आमच्या पेठेचा फुटबॉल संघ तालमीचाच, आणि त्याचा एक रिवाज आहे. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी तालमीतला जाणता माणूस कीपरला नारळ देतो आणि कीपर तो खांबाच्या पायथ्याशी फोडतो, मगच जागा घेतो. कितीतरी वर्षं तो नारळ अण्णांच्या हातून जात होता. पेठेच्या प्रत्येक कीपरला त्यांनी दिला होता, दोन्ही हातांनी, वाकून. लेकीला कधीच नाही. बायकांचा फुटबॉल त्यांच्या लेखी फुटबॉल नव्हता. ती कलकत्त्याला काय करते असं कोणी विचारलं, तर ते म्हणायचे, "नोकरीला हाय." कसली म्हटलं, तर म्हणायचे, "राखणीची."

उन्हाळ्याच्या दुपारी मी तिच्या गच्चीवर अभ्यासाला जायची. खरं तर अभ्यास होत नसे. पेठ झोपलेली असे, पत्रे तापून हलके कुरकुरत, आणि तारेवर तिचे जुने हातमोजे वाळत असत. ती ते दर आठवड्याला धुवायची, जरी वापरायचे नसले तरी. वारा आला की ते दहा जाडजूड बोटांनी हलायचे, जणू कोणी लांबून थांबा म्हणतंय, किंवा या म्हणतंय. मी त्यांच्याकडे बघत राहायची. शकूअक्का पाठीवर पडून आभाळाकडे बघत बोलायची. हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं.

"कलकत्त्याला धुकं पडायचं बघ. इतकं, की पलीकडचा गोल दिसायचा न्हाई. आपल्या पोरी धुक्यात शिरायच्या. मग नुसता आवाज. गोल झाला की तिकडं सगळ्या एकमेकींच्या गळ्यात. कुणी मारला त्येबी मला मागनं कळायचं."

"मग तू काय करायचीस?"

"मी? मी खांबाला मिठी मारायचो." ती हसली. "गार असायचा. पर आपला असायचा."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "इथं एकदा खेळायला मिळंल का गं? आपल्या मैदानात? अण्णांच्या हातचा नारळ फोडून?"

तोंडावर काही न दाखवणं मला येत होतं.

मी नववीत असताना ते घडलं. पुरुषांच्या अंतिम सामन्याआधी महिलांचा एक सामना, त्या मैदानातला पहिलाच, ठेवायचं ठरलं. शकूअक्का पस्तिशीला आली होती, गुडघ्याला पट्टा होता, पण तिला पेठेच्या संघात कीपर म्हणून घेतलं. ती आठवडाभर झेलत सुटली. भाजीवाल्या मावशींनी तिला वांगी वजन करून एकेक करून फेकली. रोज संध्याकाळी ती अण्णांसमोर हातमोजे घेऊन बसायची. अण्णा पेपर वाचायचे. सामन्याच्या सकाळीही त्यांनी पेपरच वाचला. भिंतीतल्या देवळीत एक नारळ होता. निघताना तिने त्याच्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. "जातो," म्हणाली.

मला तिने पाण्याच्या बाटल्या घेऊन गोलच्या मागे बसायला सांगितलं होतं. माझ्या पाठीमागे जाळीचं उंच कुंपण आणि त्यापलीकडे गर्दी. अण्णांची पायरी मला दिसत होती. ती रिकामी होती. शकूअक्कालाही दिसत असणार, कारण तिने मोजे दोनदा काढले, दोनदा घातले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "शके!"

अण्णा होते. घाम, धाप, आणि हातात नारळ. तो त्यांनी जाळीच्या एका भोकातून आत घालून बघितला, मग दुसऱ्या. नारळ कसला जातो! फाटक पार पलीकडच्या टोकाला. रेफरीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अण्णा, टाका," शकूअक्का म्हणाली.

"देवाचा हाय!"

"अण्णा, टाका की!"

अण्णांनी एकदा नारळ कपाळाला लावला. मग दोन्ही हातांनी, खालून, जसा देतात तसाच, तो वर उडवला. नारळ कुंपणाच्या वर गेला, आणि मला वाटतं तिथे तो थोडा वेळ थांबला. शेंडी वाऱ्यावर हलत होती. शकूअक्काने हात वर केले. नारळ तिच्या पंजांत आला, बोटांतून सुटला, थेट खांबाच्या सिमेंटच्या पायथ्यावर आपटला आणि त्याची दोन शकलं झाली.

तिच्या हातून काही निसटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. डोळ्यांवर ऊन आलं, असं ती आजही सांगते. ऊन तिच्या पाठीमागे होतं.

अण्णांनी कुंपणाला तोंड लावून शकलांकडे पाहिलं. "फुटला न्हवं? मग झालं. उभी ऱ्हा जा."

सामना बरोबरीत सुटला. एक त्यांचा, एक आमचा. आमचा गोल झाला तेव्हा सगळ्या मुली लांब, त्या टोकाला, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. शकूअक्का सवयीने खांबाकडे वळली. मग थांबली आणि मागे बघितलं. अण्णा जाळीत बोटं अडकवून शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "पावणं, गोल सोडा. कीपर बघा. आमची लेक हाय."

दुसऱ्या दिवशी आईने पूजेचा नारळ द्यायला मला समोर पाठवलं. मी दारात उभी राहिले, नेम धरला, हात मागे नेला. एव्हाना मला डोळे उघडे ठेवून टाकता येत होतं.

शकूअक्का मागे सरली नाही. पुढे आली आणि दोन्ही हातांची ओंजळ माझ्यासमोर धरली.

"हातात दे," ती म्हणाली. "बाकी सगळं टाक. नारळ हातात देत जा."